अक्षर आणि अर्थ एकाच दिवशी

वाचकांचे प्रश्न : बालशिक्षण

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात आणि पोळ्यापर्यंत पहिली-दुसरीच्या वर्गांची घडी जेमतेम बसलेली असते. त्याच सुमारास या सदराकडे वाचनाविषयीची पत्रे येऊ लागतात. या अंकासाठी निवडलेली पत्रे वेगवेगळ्या जिल्ह्यांतली असली तरी त्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे. ध्वनी जोडून शब्द वाचणे आणि वाचलेल्याचा अर्थ लावणे ही दोन कामे आपण एकामागून एक करायला जातो. ती पहिल्या आठवड्यापासून एकत्र करायची असतात, असे माझे ठाम मत आहे आणि पुढच्या उत्तरांत ते वारंवार येईल.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवते. वर्गातली बरीच मुले अडखळत का होईना, उतारा पूर्ण वाचतात. मात्र ‘काय वाचलेस?’ असे विचारले की गप्प बसतात, किंवा उताऱ्यातले पहिले वाक्य पुन्हा वाचून दाखवतात. अक्षरे पक्की झाली की अर्थ आपोआप कळू लागेल, असे मला सांगण्यात आले होते. आणखी किती वाट पाहावी?

उत्तर : आता वाट पाहू नये. अक्षरांमागोमाग अर्थ येतो ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. ज्या घरांत मुलांना गोष्टी सांगितल्या जातात, पुस्तके वाचून दाखवली जातात, त्या घरांतल्या मुलांच्या बाबतीत ती खरी ठरल्यासारखी दिसते, कारण अर्थ शोधण्याची सवय त्यांना शाळेत येण्याआधीच लागलेली असते. ज्या मुलांना छापील मजकूर फक्त शाळेतच भेटतो, ती मुले शाळा जे करून घेते त्यालाच वाचन समजतात. वर्षभर त्यांच्याकडून फळ्यावरची अक्षरे मोठ्याने म्हणवून घेतली असतील, तर मोठ्याने म्हणणे म्हणजेच वाचन, हे त्यांनी प्रामाणिकपणे शिकून घेतलेले असते. तेव्हा तुमच्या मुलांच्या गप्प बसण्यात त्यांचा दोष नाही.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाविषयी एक साधे सूत्र मांडले. लिहिलेल्या अक्षरांचे ध्वनी जोडून शब्द ओळखता येणे ही एक बाजू आणि तीच भाषा कानांनी ऐकली असता समजणे ही दुसरी बाजू. वाचून समजणे हा या दोन बाजूंचा गुणाकार होय, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांनी बेरीज न म्हणता गुणाकार म्हटले, हे लक्षात घेण्याजोगे आहे, कारण गुणाकारात एक बाजू शून्य असली की दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच येते. म्हणून पहिले काम हे की प्रत्येक मुलाची कोणती बाजू अडली आहे ते पाहावे. जो उतारा वाचून मूल गप्प बसले, तोच उतारा दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला नीट, भावासह वाचून दाखवा आणि तेच प्रश्न विचारा. ऐकून त्याने उत्तरे दिली, तर भाषा त्याला समजते, फक्त शब्द ओळखण्याचा वेग इतका कमी आहे की वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात मनातून निसटलेली असते. ऐकूनही त्याला उत्तर देता आले नाही, तर अक्षरांचा आणखी सराव देऊन काही होणार नाही; त्याला त्या भाषेतल्या बोलण्याची, गोष्टींची आणि शब्दांची गरज आहे. माझा अनुभव असा की एकाच वर्गात दोन्ही प्रकारची मुले असतात आणि आपण सगळ्यांना एकच औषध देतो, तेही बहुधा अक्षरगिरवणीचे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. मुळाक्षरे क पासून ज्ञ पर्यंत क्रमाने शिकवण्याचा आग्रह सोडावा. ज्या थोड्या अक्षरांतून पुष्कळ ओळखीचे शब्द आणि लवकरात लवकर वाक्ये तयार होतात, तीच अक्षरे आधी घ्यावीत. उदाहरणार्थ क, त, प, म, र, ल, व ही सात व्यंजने, आ हा स्वर आणि त्याचा काना एवढेच घेतले तरी ताप, माप, काम, तवा, पाला, वारा, लाल असे शब्द होतातच, शिवाय पुढचा उताराही होतो : ‘काकाला ताप आला. काका आत. मामा वावरात काम करतात.’ (‘काकांना’ हे आदराचे रूप अनुस्वार शिकवल्यावर येईल, तोवर ‘काकाला’ चालवून घ्यावे.) दोन-तीन आठवड्यांत मूल हा उतारा स्वतः वाचू शकते आणि त्यात विचारण्यासारखे पुष्कळ आहे. ताप कोणाला आला, मामा कुठे आहेत, या प्रश्नांची उत्तरे मजकुरात सरळ दिलेली आहेत. ‘काका आत का?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही एका वाक्यात नाही. पहिले आणि दुसरे वाक्य मनात एकमेकांना जोडल्याशिवाय ते मिळत नाही. वाचनाचे आकलन म्हणतात ते हेच जोडणे होय आणि ते सात व्यंजनांतही शिकवता येते. ‘काकांच्या वावरातले काम आता कोण करील?’ या प्रश्नाचे उत्तर मजकुराच्या बाहेर, मुलाच्या घरात आणि गावात आहे. त्यावर मुले भरभरून बोलतात. प्रश्नांची ही तिन्ही पातळी रोज यावी. आपल्या वर्गांत बहुतेक वेळा पहिल्याच पातळीवर तास संपतो, हे मला फार खटकते.

शब्द वाचताना एक गोष्ट मुद्दाम शिकवावी लागते. ‘करतात’ हा शब्द मूल ‘क… र… ता… त’ असे सुटे अक्षर म्हणत वाचते. बोलताना मात्र ‘र’मधला आणि शेवटच्या ‘त’मधला ‘अ’ आपण उच्चारत नाही. त्यामुळे मुलाच्या तोंडून जो आवाज बाहेर पडतो, तो त्याने आयुष्यात कधी ऐकलेला नसतो आणि रोजचा शब्द असूनही तो त्याला ओळखू येत नाही. यासाठी प्रत्येक शब्दाला दोन पायऱ्या ठेवाव्यात : आधी अक्षरे जोडून म्हणायचे, मग ‘आपण बोलतो तसे’ म्हणायचे. वाक्य पूर्ण झाले की तेच वाक्य आणखी एकदा, एका दमात म्हणायला लावावे. ही दुसरी पायरी गाळली तर वाचन अर्थाच्या उंबरठ्याशीच थांबते. इंग्रजीतून आलेल्या ध्वनिपद्धतीच्या पुस्तकांत तिचा उल्लेख सापडत नाही, कारण ही गरज आपल्या लिपीची आहे.

अर्थ कळला की नाही हे तपासण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे खोटे वाक्य. फळ्यावर ‘काकाला ताप आला’ लिहा आणि त्याखाली ‘कपाला ताप आला’ लिहा. दोन्ही वाक्यांत शिकवलेलीच अक्षरे आहेत. जी मुले फक्त आवाज काढत असतात, ती दोन्ही वाक्ये सारख्याच सुरात वाचून पुढे जातात. ज्यांना अर्थ लागतो, ती दुसऱ्या वाक्याला हसतात. कोण हसले आणि कोण शेजाऱ्याकडे पाहून हसले, हे तुमच्यासारख्या शिक्षिकेच्या नजरेतून सुटणार नाही. आणखी काही अक्षरे आली की आज्ञांच्या चिठ्ठ्या कराव्यात : ‘दार लाव’, ‘पाटी आण’, ‘दोनदा टाळी वाजव’. चिठ्ठी मनात वाचायची, तोंडाने काहीही बोलायचे नाही आणि लिहिले आहे ते करून दाखवायचे. मोठ्याने वाचायला लाजणारी मुलेही या खेळात पुढे येतात.

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यात पहिलीचा वर्ग सांभाळतो. बाराखडी पाठ करून घेतली नाही तर पालक नाराज होतात आणि करून घेतली तर प्रशिक्षणात ती जुनी पद्धत असल्याचे ऐकावे लागते. बाराखडी ठेवावी की सोडावी?

उत्तर : तक्ता ठेवावा, घोकंपट्टी सोडावी. बाराखडीच्या तक्त्यात एक मोठी सोय आहे : आडव्या ओळीत एकच व्यंजन वेगवेगळ्या स्वरांसह दिसते आणि उभ्या ओळीत एकच स्वर वेगवेगळ्या व्यंजनांसह. मूल तक्ता दोन्ही दिशांनी वाचू लागले की स्वरचिन्ह आणि व्यंजन हे दोन वेगळे भाग आहेत, हे त्याला कळते आणि न शिकवलेले अक्षरही ते स्वतः जुळवते. सुरात ‘क का कि की’ म्हणणाऱ्या मुलाला मात्र यातले काहीच कळलेले नसण्याची शक्यता असते. मधल्याच एखाद्या घरावर बोट ठेवून ‘हे काय?’ असे विचारा. सुरुवातीपासून सूर धरून तिथपर्यंत यावे लागत असेल तर ते पाठांतर आहे. तक्त्यावर बोट फिरवून शब्द बनवण्याचा खेळ पालकांना एकदा शाळेत बोलावून दाखवा. तक्ता भिंतीवर दिसला की त्यांची नाराजी बहुधा कमी होते.

क्रमाबद्दल माझी पसंती अशी : काना, मग दीर्घ ई, मग एक मात्रा आणि ओकार, त्यानंतर उकार. ऱ्हस्व इकार मुद्दाम मागे ठेवावा. ‘कि’ लिहिताना वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते आणि तिचा आवाज व्यंजनानंतर येतो. डावीकडून उजवीकडे बोट सरकवत वाचणाऱ्या मुलाला हे गोंधळात टाकते. हीच अडचण पुढे रफारात येते, कारण ‘सूर्य’ किंवा ‘वर्ग’मधला ‘र’ ज्या अक्षराच्या आधी ऐकू येतो त्याच्याच डोक्यावर लिहिला जातो. ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह पहिलीत धरू नये. राज्य शासनाने २००९ मध्ये ॲ आणि ऑ हे स्वर वर्णमालेत घेतल्याने बाराखडीची चौदाखडी झाली आहे. बॅट आणि डॉक्टर हे शब्द मुलांच्या तोंडी असतातच, म्हणून ही दोन चिन्हे ‘अवघड’ म्हणून शेवटी ढकलण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी वाशीम जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. पाच वर्षांच्या मुलांना ‘अ आ इ ई’ लिहायला शिकवा, असे पालक म्हणतात. वाचनाची तयारी म्हणून या वयात नेमके काय करावे आणि पालकांना काय सांगावे?

उत्तर : पालकांना हे सांगावे की वाचनाची सुरुवात कानापासून होते आणि अंगणवाडीत तुम्ही तेच शिकवत आहात. बोललेला शब्द लहान लहान आवाजांचा बनलेला असतो, हे मोठ्यांना इतके सवयीचे झालेले असते की मुलांना ते माहीत नसते, हे आपल्या लक्षातच येत नाही. चार वर्षांच्या मुलासाठी ‘पऱ्हाटी’ म्हणजे वावरात उभी असलेली, बोंडे लागलेली वस्तू. त्या नावाला सुरुवात आणि शेवट असतो, याचा विचार त्याने कधी केलेला नसतो. हा विचार करता येणे म्हणजे ध्वनिभान आणि त्याला पाटी-पेन्सिल लागत नाही.

आधी टाळ्या. प-ऱ्हा-टी, सो-या-बीन, तूर. ज्या शब्दाला जितके ठोके तितक्या टाळ्या. मग पहिला आवाज : ‘म’ने सुरू होणारे नाव ज्याचे असेल त्याने उभे राहावे. मग शेवटचा आवाज आणि यमक : ताप, माप, काप. शेवटी सर्वांत अवघड, पण मुलांना सर्वांत आवडणारे काम, म्हणजे शब्दातला आवाज काढून टाकणे. ‘कपाट’मधला ‘क’ पळाला, काय उरले? पाट. ‘सकाळ’मधला ‘स’ पळाला तर? काळ. पाच मिनिटे पुरेत, पण ती रोज मिळावीत.

भुलाबाईचा खेळ या कामासाठी इतका सोयीचा आहे की तो अंगणवाडीत आणला गेला नाही तर मला वाईट वाटते. गाणी झाल्यावर झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची, हा त्यातला गमतीचा भाग आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. सेविकेने तो असा खेळावा : ‘माझ्या खिरापतीचा पहिला आवाज चि.’ मुले चिवडा म्हणतील, चिक्की म्हणतील. मग अर्थाची खूण द्यावी : ‘ती गोड आहे.’ आता चिवडा बाद होतो. पुढे वाचताना मुलाला नेमके हेच करायचे असते. अक्षरांचे आवाज काही शक्यता समोर ठेवतात आणि वाक्याचा अर्थ त्यांतली योग्य ती निवडतो. ‘फु’ सांगून फुटाणे आणि ‘मु’ सांगून मुरमुरेही ओळखता येतील. दुसऱ्या दिवसापासून डबा मुलांच्या हाती द्यावा आणि खुणा त्यांनाच सांगायला लावाव्यात, कारण खूण शोधणे हे उत्तर शोधण्यापेक्षा वरचे काम आहे.

दुसरी बाजू ऐकण्याची. रोज एक गोष्ट वाचून दाखवा किंवा सांगा, मधेच थांबा आणि ‘आता काय होईल?’ असे विचारा. तान्ह्या पोळ्याला मुले आपापले लाकडी बैल सजवून मिरवतात. त्यानंतरच्या दिवशी प्रत्येकाला आपल्या बैलाविषयी एक वाक्य सांगायला लावा आणि ते जसेच्या तसे, मुलाच्याच शब्दांत, फळ्यावर लिहून बोट फिरवत वाचून दाखवा. मुलाला त्यातले एकही अक्षर येत नसले तरी आपण बोललेले लिहिता येते आणि लिहिलेले पुन्हा बोलता येते, हे त्याला दिसते. ‘अ आ इ’ लिहिण्याचा हट्ट धरणाऱ्या पालकांना त्या दिवशी अवश्य बोलवावे.

प्रश्न : आम्ही वरूड तालुक्यात राहतो. मुलगा इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात आहे. जवळच्या शहरात फोनिक्सचे, म्हणजे ध्वनिपद्धतीने वाचन शिकवण्याचे, वर्ग सुरू झाले आहेत आणि मराठीही त्याच पद्धतीने शिकवू असे ते म्हणतात. घालावे का?

उत्तर : इंग्रजीसाठी ध्वनिपद्धती उपयोगी आहे, कारण त्या भाषेत सव्वीस अक्षरांवर सुमारे चव्वेचाळीस ध्वनींचा भार आहे आणि अक्षराचे नाव एक, आवाज दुसरा असतो. ‘सी’ हे अक्षर ‘कॅट’मध्ये ‘क’ होते आणि ‘सिटी’मध्ये ‘स’ होते. हे कोणीतरी क्रमाने शिकवावेच लागते. मराठीत ‘म’ या अक्षराचे नाव आणि आवाज एकच आहे, त्यामुळे त्या पद्धतीचा निम्मा खटाटोप इथे अनाठायी ठरतो. मराठीचे प्रश्न वेगळे आहेत : स्वरचिन्हे, जोडाक्षरे, ‘र’ची निरनिराळी रूपे, घ आणि ध किंवा भ आणि म यांच्यासारखी दिसायला जवळची अक्षरे, तसेच चाक आणि चिमणी, जाळे आणि जीभ यांतल्या च-ज यांचे दुहेरी उच्चार. या उच्चारांसाठी मुलाला नियम सांगण्याची गरज पडत नाही. शब्दाचा अर्थ कळला की योग्य उच्चार तोंडात येतोच. तेव्हा इंग्रजीसाठी वर्ग हवा असेल तर घाला, पण आधी तो वर्ग पाहून या. तासाभरात मुलांनी एकही पूर्ण वाक्य वाचले नाही आणि कोणी त्यांना त्याविषयी काही विचारले नाही, तर पैसे वाचवा. मराठी घरीच, वर सांगितलेल्या खेळांतून शिकवा. ध्वनी सुटे करण्याची आणि जोडण्याची हातोटी एका भाषेत आली की दुसरीत उपयोगी पडते.

प्रश्न : मेळघाटात, धारणी तालुक्यात शिकवतो. मुले घरी कोरकू बोलतात. तिसरीपर्यंत मराठी अक्षरे आणि शब्द ती वाचतात, पण उतारा त्यांच्यासाठी परकाच राहतो. ध्वनीवर आधारित उपक्रम इथे कितपत उपयोगी?

उत्तर : अर्ध्या कामासाठी पूर्ण उपयोगी. तुमच्या मुलांची अक्षरांची बाजू चालते आहे; ज्या भाषेत ती वाचतात ती भाषाच त्यांच्या कानांत अजून उतरलेली नाही. ‘ओसरी’ हा शब्द ध्वनी जोडून बिनचूक वाचला, तरी तो शब्द ज्याने कधी ऐकलाच नाही त्याला तो कसा ओळखू यावा? कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे. मराठीशी तिचे नाते नाही, म्हणून वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला जशी अंदाजाने पुस्तकी मराठी लागते तशी या मुलांना लागत नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडची गोंडी आणि यवतमाळमधली कोलामी या द्रविड कुळातल्या आहेत. तिथल्या शिक्षकांनाही हे उत्तर लागू आहे.

मी सुचवीन ते असे. देवनागरीतून वाचायला शिकण्याची सुरुवात कोरकू शब्दांनी करावी. मुलांकडून पाणी, भाकर, घर, झाड, आई यांचे कोरकू शब्द घेऊन ते देवनागरीत लिहावेत आणि त्यांतूनच अक्षरे शिकवावीत. लिपी तीच असल्याने इथे कमावलेले कौशल्य पुढे मराठीत जसेच्या तसे वापरता येते. मराठी समांतरपणे तोंडी चालू ठेवावी : कृती, वस्तू, चित्रे, गाणी. उतारा घेण्याआधी त्यातले पाच-सहा नवे शब्द वस्तू दाखवून किंवा करून दाखवून बोलण्यात आणावेत आणि ते मुलांच्या तोंडी आल्यावरच छापील रूपात समोर ठेवावेत. उताऱ्यावरचे उत्तर कोरकूत दिले तरी ते पूर्ण उत्तर मानावे. तुम्हाला कोरकू येत नसेल तर वरच्या वर्गातली मुलगी किंवा गावातली सेविका दुभाषी होऊ शकते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० हे शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असे म्हणते, म्हणून अशा कामासाठी कोणाची परवानगी मागत बसण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये.

प्रश्न : अकोला जिल्ह्यातून लिहितो. माझा नातू ‘शाळा’ हा शब्द पाहून ‘शाया’ वाचतो, ‘डोळा’ पाहून ‘डोया’ म्हणतो, ‘मला’ असे छापलेले असले तरी ‘मले’ वाचतो. मी दर वेळी थांबवून सुधारतो. बरोबर करतो ना?

उत्तर : आजोबा, आपली तळमळ समजते, पण कृपा करून त्याला थांबवू नका. नातवाने ‘डोळा’ पाहून ‘डोया’ म्हटले याचा अर्थ त्याने अक्षरे पाहिली, शब्द ओळखला, त्याचा अर्थ त्याला लागला आणि तो अर्थ त्याच्या स्वतःच्या बोलीत तोंडातून बाहेर आला. अर्थ लागल्याचा याहून चांगला पुरावा कोणता? त्याने ‘डोळा’ऐवजी ‘गोळा’ म्हटले असते तर ती वाचनातली चूक ठरली असती आणि तिथे थांबवणे योग्य होते. चूक ओळखण्याची कसोटी हीच ठेवावी : अर्थ बदलला तर थांबवावे, फक्त उच्चार बोलीतला असेल तर पुढे जाऊ द्यावे. वाक्यामागून वाक्य थांबवले जाणारे मूल अर्थाकडे पाहणे सोडते आणि वाचून दाखवताना समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहू लागते.

‘ळ’ त्याला पुढे शिकवायचाच आहे, पण तो लिहिताना. ‘आपण शाया म्हणतो, लिहिताना असे लिहितात’ एवढे एकदा प्रेमाने दाखवले की पुरे. दोन्ही रूपे आपापल्या जागी नीट आहेत, हे मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर उमगते. आपण त्याला वऱ्हाडीत गोष्टी सांगत असाल तर त्या चालूच ठेवा. त्याच्या वाचनाचा निम्मा पाया त्या गोष्टींत आहे.

प्रश्न : मुख्याध्यापक आहे, जिल्हा बुलढाणा. मिनिटाला किती शब्द वाचले याचीच विचारणा होते. त्याला किती महत्त्व द्यावे?

उत्तर : लहान वयात वाचन आणि अंकज्ञान पक्के व्हावे म्हणून ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या निपुण भारत अभियानात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीसाठी किमान ६० शब्दांचे लक्ष्य आहे, आणि ते अर्थ समजून वाचण्याचे आहे. मोजताना मागचा अर्धा भाग गळतो, ही अडचण. वेग अजिबात नको असे मी म्हणणार नाही, कारण फार संथ वाचनात अर्थ टिकत नाही. मात्र मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. ‘झाडाखालून’ आणि ‘घर’ हे दोन्ही मोजणीत एकेकच शब्द धरले जातात, म्हणून चार-पाच शब्दांच्या फरकावरून मुलांची प्रतवारी करू नये. नोंदवहीत वेगाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा आणि वाचून झाल्यावर विचारलेल्या तीन प्रश्नांपैकी किती सुटले ते त्यात लिहावे. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीतली अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही चढती चाचणी शाळेतही सहज घेता येते. तिच्यातल्या गोष्टीला आपले प्रश्न जोडले की काम भागते.

प्रश्न : (वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातून एका आईने भाचीकडून लिहून घेतलेले पत्र.) मला वाचता येत नाही. मुलगी पहिलीत आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत मी अंधार पडता पडता घरी येते. तिच्या वाचनासाठी माझ्यासारखी बाई काय करू शकते?

उत्तर : ताई, पुष्कळ करू शकता. वर दारव्ह्याच्या शिक्षिकेला सांगितलेल्या दोन बाजूंपैकी भाषा समजण्याची बाजू तुमच्या हातात आहे आणि ती शाळेपेक्षा घरी जास्त वाढते. वावरात काय झाले, कोण भेटले, बोंडे कशी फुटली, हे संध्याकाळी चुलीपाशी तिला सविस्तर सांगा आणि तिच्याकडून तिच्या दिवसाची हकीगत ऐका. ‘मग काय झालं?’ आणि ‘असं का झालं?’ हे दोन प्रश्न विसरू नका. तुम्हाला येत असलेल्या ओव्या, गाणी, कोडी तिला शिकवा. आवाजांची ओळख त्यांतून आपोआप होते.

तिने शाळेचे पुस्तक उघडले की तिला शब्दांवर बोट ठेवून तुम्हाला वाचून दाखवायला सांगा. तुम्हाला वाचता येत नाही, याचा इथे एक फायदाच आहे : त्या पानावर काय आहे हे तुम्हाला खरोखरच ठाऊक नसते, म्हणून तुमचा प्रश्न परीक्षेचा नसतो आणि ती ते मनापासून समजावून सांगते. ती एखाद्या शब्दापाशी अडली तर ‘तिथं काय शोभेल?’ असे विचारा आणि तिने अंदाज केला की पहिले अक्षर त्याच्याशी जुळते का ते तिला पाहायला सांगा. अंदाज बरोबर की चूक हे अक्षरच ठरवील, त्यासाठी तुम्ही शिकलेल्या असण्याची गरज नाही. शाळेच्या पुस्तकाशिवाय घरात दुसरे पुस्तक नसले तरी बियाण्याची पिशवी, दुकानाची पाटी, एसटीवरचे गावाचे नाव, साबणाचे वेष्टन हे सगळे वाचण्यासारखेच आहे.

आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी तुम्ही सांगावे आणि तिने लिहावे : तेल, मीठ, डाळ, साबण. तिने ‘मिठ’ असे ऱ्हस्व लिहिले तरी तूर्त राहू द्या. बाजारात यादी तिच्याच हातात असावी, एकेक नाव तिनेच वाचावे आणि वस्तू पिशवीत पडली की त्या नावावर तिनेच रेघ मारावी. घरी आल्यावर काही राहून गेले असे वाटले, तर ते काय हे यादीवरून तिलाच शोधायला सांगा.